न मिटणारा चाकू

लातूर,
मार्च अखेर, १९८३

तीर्थरूप दाजींना भुजंगचा मनापासून जयभीम.

तुमची तब्येत ठणठणीत असेल, अक्काचा गुडघा आता बरा असेल, पोरांच्या परीक्षा नीट चालल्या असतील आणि देगलूरच्या तुमच्या आडात अजून बादली बुडेल एवढं पाणी असेल, असं मी धरून चालतो. (नसेल तर कृपा करून मला कळवू नका. दिवसभर कचेरीत मी तेच ऐकतो, निदान नातेवाइकांनी तरी वेगळं काही लिहावं.) इकडे मी खुशाल आहे. खुशाल म्हणजे इतका खुशाल आहे की झोप लागत नाही, जेवणावर लक्ष नाही आणि फायलीवरची सही भलत्याच रकान्यात पडते. काळजी करू नका, हे सगळं आनंदानं होतंय. मोठं पत्र लिहितोय, तेव्हा शांतपणे बसून वाचा. आणि वाचायच्या आधी एक गोष्ट पक्की ध्यानात घ्या. आईनं तुमच्या कानावर जे काही घातलं असेल ते खरं नाही. माझं लग्न ठरलेलं नाही. मी फक्त एक चाकू घेतला आहे.

आता चाकूपासून लग्नापर्यंत गोष्ट कशी गेली, ते सुरुवातीपासून सांगतो. गेल्या पावसाळ्यात (पाऊस पडला नाही, पण पावसाळा म्हणायची रीत आहे) उस्मानाबादेतून लातूर वेगळं निघालं आणि आम्हा कारकुनांची कपाटं, टेबलं आणि आम्ही स्वतः एकाच ट्रकमधून इकडे आलो, हे तुम्हाला ठाऊकच आहे. जिल्हा नवा, कचेरी नवी, दारावरची पाटी नवी. टंचाई तेवढी जुनी. मला बसवलं ते टंचाई शाखेत. म्हणजे गावोगावच्या लोकांनी यायचं, आमच्या गावाला टँकर का आला नाही म्हणून विचारायचं, आणि मी रजिस्टर उघडून आला होता असं दाखवायचं. असं करता करता एके दिवशी फळ्यावर एक कागद लागला. कुठल्याशा गिर्यारोहण मंडळाची तुकडी मे महिन्यात हिमालयात जाणार, पाठीवर सामान घेऊन डोंगरात चालत फिरायचं, रात्री तंबूत राहायचं, नव्या जिल्ह्यातून हौशी लोकांनी नावं द्यावीत. मी तो कागद उभ्याउभ्या वाचला आणि तसाच वर जाऊन रजेचा अर्ज टाकला. का, तर बर्फासाठी! दाजी, तिथं पाणी नुसतं पडलेलं असतं हो. डोंगरच्या डोंगर पाणी. त्याला रांग नाही, त्याची खेप नाही, ते कुणाच्या नावावर नाही, आणि ते आलं नाही म्हणून मला कुणी जाब विचारणार नाही. एकदा तरी मला त्या पाण्यावर पाय रोवून उभं राहायचं आहे.

मंडळानं सोबत न्यायच्या सामानाची माहिती देण्यासाठी आम्हा नाव दिलेल्यांना बोलावलं होतं. घोंगडी, मग, दोरी वगैरे ऐकताना मी जांभया देत होतो. (घोंगडी तुम्ही दिलेलीच नेणार आहे.) मग तिथल्या सरांनी सांगितलं की प्रत्येकानं एक मजबूत चाकू आणावा, पण तो मिटणारा नसावा. थंडीनं बोटं बधिर झाली की मिटणारा चाकू उघडत नाही. त्याच्या सांध्यात माती जाते. आणि लाकडावर जोर दिला की ऐन वेळी तो मिटतो, तो नेमका आपल्याच बोटावर. सरांच्या बोटावर तसा व्रण होता, तो त्यांनी सगळ्यांपुढे फिरवून दाखवला. मी एकदम ताठ बसलो. मिटणारा चाकू म्हणजे आपल्या धाकट्या चुलत्यांसारखा, भांडण लागलं की घरात जाऊन कडी लावणारा. मला तसा नको होता. पातं वीतभर असावं, फार लांब नको. पाठ जाड असावी, म्हणजे वरून दगडानं ठोकून लाकूड फोडता येतं. आणि मुख्य म्हणजे पात्याचं पोलाद मुठीच्या आत शेवटापर्यंत गेलेलं असावं, नुसती शेपटी खोचून मूठ चिकटवलेली नसावी. नाहीतर एक दिवस मूठ आपल्या हातात राहते आणि पातं हिमालयात. हे सगळं मला त्या दिवशी कळलं आणि तेव्हापासून मी ज्याच्या त्याच्या घरात जाऊन विळ्या नि सुऱ्यांच्या मुठी हलवून बघतोय. दोन घरांत मला परत बोलावलेलं नाही.

तर मी इथल्या गोलाई बाजारात सिद्रामप्पांच्या लोखंडी सामानाच्या दुकानात गेलो आणि म्हणालो, न मिटणारा चाकू पाहिजे, म्यानासकट. सिद्रामप्पांनी माझ्याकडे बघितलं. कपड्यांना इस्त्री, मार्च महिना, पुढं लग्नसराई. "असं सांगा की मग!" म्हणाले, आणि आतून लाल मखमलीच्या म्यानातली, गोंडे लावलेली कट्यार घेऊन आले. हळद लागल्यापासून अक्षता पडेपर्यंत नवरदेवाच्या हातात देतात ना, टोकाला लिंबू खोचून, ती. उपसून बघितली तर डब्याच्या पत्र्याची. मी विचारलं, ह्यानं लाकूड फुटेल का? म्हणाले, "लग्नात लाकडं कशाला फोडायलाव सायेब? आचारी हाय की." मी म्हणालो, निदान महिनाभर टिकायला पाहिजे. तर ते चकित झाले. "महिनाभर लगीन? कुण्या गावची पद्धत म्हणायची ही?" मी म्हणालो, अहो, डोंगर चढायचा आहे. मग मात्र त्यांना माझी दया आली. "पोरगी डोंगरातली केली व्हय?" असं म्हणून त्यांनी माझ्यासाठी चहा सांगितला.

तेवढ्यात शेजारी कुणीतरी हसलं. बघतो तर एक बाई उभ्या. हसू दाबायचा प्रयत्न करत होत्या, पण तो त्यांना जमत नव्हता. या सिंधुबाई. इथं मुलींच्या शाळेत भूगोल शिकवतात, मूळच्या धर्माबादच्या, आणि त्यांनीही हिमालयाच्या तुकडीत नाव दिलेलं. सरांच्या बोटाचा व्रण बघायला पहिल्या रांगेत होत्या. (मी मागं होतो, त्यामुळं मला त्यांची फक्त वेणी दिसली होती. हे आपलं ओघात आलं म्हणून लिहिलं.) त्या सिद्रामप्पांना म्हणाल्या, मलाही असाच चाकू हवा आहे, पण खरा. सिद्रामप्पांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा त्यांच्याकडे बघितलं आणि चहा एकाचा दोन केला. म्हणाले, "जोडीनं कट्यार निवडाय आलेले मी पैल्यांदाच बघायलो. बायकांनी धरायची रीत न्हाई, पण नवा जिल्हा हाय, काय बी होतंय." आम्ही दोघांनी एकदमच नाही नाही म्हटलं. एकदम म्हटल्यामुळं त्यांची खात्रीच पटली.

सुतावरून स्वर्ग गाठणं म्हणजे काय, ते मला त्या आठवड्यात कळलं. संध्याकाळी खोलीवर पोचायच्या आधी माझ्या घरमालकीण नीलाबाई दारात उभ्या. "नवरी शाळंतली हाय म्हणं." दुसऱ्या दिवशी कचेरीत शिपायानं पेढे मागितले. आणि तिसरी गंमत म्हणजे, या वर्षी पाण्यावाचून गावोगाव लग्नं खोळंबली आहेत, वऱ्हाडाला प्यायला काय द्यायचं हा प्रश्न. अशा वर्षात टंचाई शाखेतला कारकून लग्न करणार म्हटल्यावर लोकांचा समज असा झाला की त्या मांडवात टँकर उभा राहणारच. ज्या गावांचे लोक मला शिव्या देऊन जायचे, त्या गावांचे सरपंच हात जोडून आले. मांडव आमच्याकडं घाला म्हणाले. एकानं तर शाळेचं पटांगण झाडून ठेवलंय. मी कुणाकुणाला समजावणार? हिमालयाला जातोय म्हटलं की लोक डोळा मारतात आणि म्हणतात, हाव हाव, जावाच, लग्नानंतर समदेच जातेत.

पण मी चाकू सोडला नाही. जुन्या मोटर स्टँडामागं केरबा लोहाराची भट्टी आहे. केरबा बोलायला फार मोठा. निजामाच्या फौजेच्या तलवारी त्याच्या आज्यानं केल्या म्हणतो. ट्रकच्या मोडक्या कमानीचं (स्प्रिंगच्या पट्टीचं) पोलाद आणून दिलं, वीतभर सरळ पातं पाहिजे म्हणून सांगितलं, आणि दोन दिवसांनी गेलो तर त्यानं माझ्या हातात विळा ठेवला. मी म्हणालो, हे वाकडं आहे. म्हणाला, "सरळच हाय. तुमीच वाकडं होऊन बघायलाव." जन्मभर विळेच केले त्यानं, तापलं पोलाद समोर आलं की त्याचा हात आपोआप वळतो. दुसऱ्या खेपेला खुरपं निघालं. मी रडकुंडीला आलो, कारण पोलाद संपत आलं होतं आणि मे महिना काही थांबणार नव्हता. तेव्हा सिंधुबाई म्हणाल्या, मी येते. शाळा सुटल्यावर आल्या, हातात शाळेची लाकडी पट्टी. केरबासमोर दगडावर बसल्या. हात जरा वळला की ऐरणीवर पट्टी टक्‌ करून वाजायची. केरबा एकदम सातवीतल्या पोरासारखा ताठ व्हायचा. मुठीकडच्या बाजूला तो पोलाद निमुळतं करून शेपटी काढायला निघाला, तेव्हाही टक्‌. "शेवटपर्यंत राहू द्या. अर्धवट नको," त्या म्हणाल्या. मी भाता मारत होतो. दाजी, भाता मारताना माणसाला इतका आनंद होऊ शकतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

पातं सरळ झालं. आणि मग केरबानं हात पसरला. "पाणी आणा." तुम्हाला माहीत आहेच, पातं लालभडक तापवून पाण्यात बुडवलं, म्हणजे पाणी पाजलं, तरच ते धार धरतं. पाणी न पाजलेला चाकू म्हणजे लोखंडाची पट्टी. आता आली का पंचाईत! नीलाबाईंकडे माझ्या वाट्याला एकच घागर, तीही एक दिवसाआड. ती घागर केरबानं आधीच विळ्याला आणि खुरप्याला पाजली होती. (लातूर जिल्ह्यात माझ्याइतका खर्चिक विळा कुणाकडे नसेल.) टँकरचं पाणी मी मागू शकत नव्हतो. टंचाईच्या कारकुनानं टँकरचं पाणी चाकूला पाजलं असं झालं असतं, तर साहेबांनी मला मे महिन्याआधीच कुठल्या तरी डोंगरात पाठवलं असतं. मी म्हणालो, केरबा, तेलात बुडव की. हे तेलाच्या गिरण्यांचं गाव, इथं पाण्यापेक्षा तेल जास्त. केरबानं मान फिरवली. "तेल पिलेलं पातं गुळमुळीत ऱ्हातंय. आमच्या आज्यानं..." असं निजामाच्या फौजेपासून सुरू झालं. मी डोक्याला हात लावून बसलो.

सिंधुबाई उठल्या आणि निघून गेल्या. मला वाटलं, कंटाळल्या, गेल्या. थोड्या वेळानं बघतो तर उन्हातून चालत येतायत, कमरेवर कळशी. पदर ओला. त्यांच्या वाट्याचं त्या दिवसाचं सगळं पाणी होतं ते, प्यायचं आणि अंघोळीचं. मी नको नको म्हणत राहिलो. त्यांनी कळशी केरबापुढं टेकवली आणि म्हणाल्या, "पाजा. मी तहानेली राहत नाही, शेजारी मैत्रीण आहे. ह्यांचा चाकू तहानेला नको." पातं पाण्यात गेलं आणि असा चर्र आवाज झाला की माझ्या छातीत काहीतरी हललं. दाजी, तो आवाज मी जन्मात विसरणार नाही. (पात्याचा. गैरसमज नको.) नंतर मी विचारलं, तुमच्या चाकूचं काय? तर म्हणाल्या, पाणी एकाच चाकूपुरतं होतं. डोंगरात लागला तर तुमचा मागून घेईन.

आता चाकूचं वर्णन ऐका. पाठ जाड, पातं रुंद, टोक थोडं उतरतं. मूठ बाभळीची, दोन्ही बाजूंनी लाकडाच्या फाका आणि मधून पोलाद आरपार, तीन पितळी रिबिटा मारलेल्या. घामानं हात ओला असला तरी निसटत नाही. म्यान केलंय टँकरच्या फाटक्या कॅनव्हास पाइपाचं, ड्रायव्हर टाकून देणार होता तो तुकडा. आजवर त्यातून इतकं पाणी गेलंय की आता पाऊस आला तरी ते फुगणार नाही. मी तो चाकू कौतुकानं कचेरीत नेला आणि नुसता टेबलावर ठेवला. माझा दुसरा काही हेतू नव्हता. पण त्या दिवशी टंचाई शाखेत लोकांनी पहिल्यांदाच रांग लावली. एकानं चप्पल बाहेर काढली. नेहमी टेबलावर मूठ आपटणारे एक पुढारी "तुमच्या सवडीनं बघा" म्हणून गेले. साहेब चौकशीला आले, चाकू बघितला, उचलून तोलला, आणि म्हणाले, भुजंग, हा मार्च संपेपर्यंत रोज इथं आणत जा.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी आज सुखी असतो. पण गावाकडून लातूरला येणाऱ्या एस.टी.च्या कंडक्टरला सिद्रामप्पांनी सांगितलं, कंडक्टरनं गावच्या थांब्यावर सांगितलं, आणि आईला कळलं ते असं: तुझ्या पोरानं नवरदेवाची कट्यार घेतली. आता आपल्या घरची रीत तुम्हाला मी सांगायला नको. छप्पन्न सालच्या धम्मदीक्षेनंतर आपल्यात ना कट्यार, ना टोकाला लिंबू. तुमचं नि अक्काचं लग्न कसं झालं? पांढरे कपडे, वंदना, पंचशील आणि वर पोटभर जेवण. आपल्या घरची जुनी कट्यार तर आबांनी तेव्हाच लोहाराकडून मोडून विळीला बसवून घेतली. त्याच विळीवर आईनं आम्हाला भाज्या चिरून वाढवलं. त्यामुळं आईला लग्नाचा राग नव्हता. लग्नासाठी तर ती केव्हापासून डोळे लावून बसली आहे. तिला राग आला तो कट्यारीचा. पोरगं आबांनी सोडलेल्या वाटेवर परत चाललं, असं तिच्या मनानं घेतलं. आमची आई चतुराबाई एकदा पेटली म्हणजे काय, ते तुम्ही जावई असल्यामुळं थोडं कमी बघितलंय. ती उन्हाचीच एस.टी.त बसली, माझ्या खोलीच्या उंबऱ्यावर उभी राहिली आणि पाणीसुद्धा न पिता म्हणाली, "तुझ्या बापानं कट्यारीची विळी केली. तू विळीची कट्यार कराय निघालास व्हय रं?"

दाजी, मी चाकू काढून दाखवला, जाड पाठ दाखवली, रिबिटा दाखवल्या, हिमालय सांगितला, बर्फ सांगितलं. आईनं सगळं ऐकलं आणि म्हणाली, "डोंगराला काय कापायचंय?" माझ्या डोळ्यांत पाणी आलं. चेष्टा नाही करत. आबांनी एवढ्या मानानं सोडलेली गोष्ट मी उचलली असं तिला वाटावं, हे मला सहन होईना. नेमक्या त्याच वेळी सिंधुबाई मंडळाचा निरोप सांगायला आल्या. नीलाबाईंनी भिंतीआडून खाकरून आईला खूण केली की हीच ती. आईनं कपाळाला आठ्या घालून विचारलं, "कुणाची गं तू?" सिंधुबाईंनी हात जोडले. "जयभीम, मावशी. धर्माबादच्या व्यंकटराव मास्तरांची." आईनं जयभीम ऐकला, मास्तरांचं नाव ऐकलं. तिच्या कपाळाच्या आठ्या एकेक करून गेल्या. मग तिनं माझ्या घागरीतून एक पेला भरला, काठोकाठ, आणि स्वतः प्यायच्या आधी सिंधुबाईंपुढं धरला. नंतर दोघी जणी खाली बसल्या आणि केरबा, कळशी, पट्टी हे सगळं बोलत राहिल्या. मला कुणी बस म्हणालं नाही.

जाताना आईनं चाकू म्यानासकट आपल्या पिशवीत घातला. मी मागितला. स्टँडापर्यंत मागत गेलो. एस.टी. हलायला लागली तेव्हा खिडकीतून म्हणाली, "ह्यो आता सुनंच्याच हातात देईन." आणि गेली. बघा, एवढं समजावून सांगितल्यावरही तिचं डोकं लग्नाच्या बाहेर निघत नाही. तेव्हा तुम्हाला कळकळीची विनंती एवढीच की गावाकडे एक चक्कर मारा आणि आईकडून माझा चाकू सोडवून आणा. तुमचा शब्द ती मोडत नाही. तिला सांगा की लग्नाबिग्नाचा इथं काही संबंध नाही, हा निव्वळ डोंगराचा विषय आहे आणि तुकडी मेच्या सुरुवातीला निघते. चाकू तेलाचं बोट फिरवून कापडात बांधा, म्हणजे गंजणार नाही. अक्काला जयभीम, पोरांना आशीर्वाद.

तुमचाच,
भुजंग

ता. क. पाकीट चिकटवायच्या आधी पत्र परत उघडलं. चाकूची एवढी घाई नाही. राहू दे आईकडे.

ता. क. दुसरा. म्हणजे असं की, आज सिंधुबाई शाळेतून येताना भेटल्या. चेहरा उतरलेला. मास्तरांचं पत्र आलंय. तरण्या पोरीनं एकटीनं हिमालयात जायचं नाही, जायचंच असेल तर नवऱ्याबरोबर जा, असं त्यांनी लिहिलंय. आणि येत्या रविवारी हैदराबादहून एक मुलगा त्यांना बघायला धर्माबादला येतोय. बँकेत आहे. घरी नळ आहे. नळाला पाणी आहे. दाजी, मी टंचाईतला माणूस, मी नळाशी कसा भांडू? एवढं सांगून त्या (वडलांना त्या दादा म्हणतात) म्हणाल्या, "आमचे दादा पोरासोरांचं ऐकत नाहीत. मोठं माणूस बोलायला आलं तर ऐकतात." आणि खाली बघत उभ्या राहिल्या. मी मूर्खासारखा हो का, हो का करत होतो. घरी येऊन अर्धी भाकर खाल्ल्यावर मला त्याचा अर्थ कळला.

ता. क. तिसरा. तर खरं काम हे आहे. रविवारच्या आधी तुम्ही धर्माबादला जा. व्यंकटराव मास्तर म्हणजे तेच, ज्यांनी तुम्हाला सातवीत बाकावर उभं केलं होतं. अक्कानं ते सगळ्या भावकीला सांगितलंय, तेव्हा लपवू नका. मास्तर ओळखतील, जुना विद्यार्थी म्हणून गूळपाणी देतील. (पाणी देतीलच असं नाही, धर्माबादलाही बोंब आहे.) मुलगा काय करतो विचारलं तर नव्या जिल्ह्यात कायमची नोकरी म्हणा. शाखा विचारल्याशिवाय सांगू नका. लग्न कसं, तर पांढऱ्या कपड्यांत, आपल्या रीतीनं, टँकर मागवायचा नाही, हे ठासून सांगा. आणि वर मी लिहिलेलं, की लग्नाचा इथं काही संबंध नाही, ते सगळं खोडून वाचा. मला ती आवडते, दाजी. फार आवडते. हे मी कुणाला बोललो नव्हतो, स्वतःलाही नाही. चाकूबद्दल लिहीत बसलो तोच हे सगळं बाहेर आलं.

ता. क. शेवटचा. मास्तर हो म्हणाले तर त्याच पावली तारघरात जा आणि तार करा. कचेरीत माझी तार सगळे जण फोडून वाचतील, वाचू दे. पण नाही म्हणाले तर तार करू नका. साधं पत्र टाका, कार्डावर, घाई न करता. कार्ड धर्माबादहून इथं पोचायला वेळ लागतो. तेवढे दिवस तरी मला राहू देत.